रिक्तचषकमीमांसा अर्थात खोट्या चहाचे शास्त्र

मराठी घरात चहा दोन ठिकाणी होतो: ओट्यावर आणि सोफ्यामागे. ओट्यावरच्या चहाबद्दल अमृततुल्यवाल्यांपासून आहारतज्ज्ञांपर्यंत सगळे अधिकारवाणीने बोलतात. सोफ्यामागचा चहा मात्र घरोघरी रोज डझनावारी कप उकळला जात असूनही शास्त्राच्या पंक्तीला बसलेला नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी प्रस्तुत ग्रंथाची योजना केली आहे. छपाईचा खर्च पाहता ग्रंथाचा लेख झाला, एवढाच काय तो फरक.

१. अनुबंध

शास्त्राच्या आरंभी चार गोष्टी सांगून टाकाव्यात, असा जुना दंडक आहे. त्याप्रमाणे विषय: तीन ते सहा वर्षांच्या बालकाने भातुकलीच्या कपातून दिलेला द्रवरहित चहा. प्रयोजन: तो कसा प्यावा याविषयी मोठ्या माणसांत माजलेल्या अज्ञानाचा निरास. संबंध: या चहाचा अक्षरओळखीशी, अंकगणिताशी आणि शेजाऱ्यांशी असलेला. अधिकारी: ज्याला जमिनीवर बसता येते आणि बसल्यावर लगेच उठायची घाई नसते, असा कोणीही आई, बाबा, आजी, आजोबा, मामा, आत्या अथवा चुकून घरी आलेला विमा एजंट.

२. लक्षण

‘जो ओतताना आवाज होतो, पिताना आवाज होतो, पण सांडल्यावर डाग पडत नाही, तो खोटा चहा’, असे लक्षण आम्ही बांधले. त्यावर एका नैयायिक मित्राने अतिव्याप्तीचा दोष काढला. सरकारी कचेरीत ‘चहा सांगितलाय’ म्हटल्यावर जो कधीच येत नाही, त्याचाही डाग पडत नाही, असे त्याचे म्हणणे. उत्तर सोपे आहे. त्या चहाचा ओतण्याचा आवाजही होत नाही. शिवाय खोटा चहा सांडला की तो फडक्याने पुसावा लागतो. न पुसता त्यावरून चालत गेलेल्या पाहुण्याला ‘पाय चिकट झाले ना तुमचे!’ असे ऐकून घ्यावे लागते. कचेरीत एवढी स्वच्छता आढळत नाही.

उपकरणांबाबत शास्त्र उदार आहे. सावंतवाडीच्या चितार आळीतली लाखकाम केलेली लाकडी भातुकली उत्तम. जत्रेतली पितळी अथवा स्टीलची मध्यम. बाटलीची झाकणे आणि करवंट्या यांना कनिष्ठ म्हणायची पद्धत आहे, पण ती दुकानदारांनी पाडलेली असावी. प्रत्यक्षात झाकणातला चहा जास्त कडक होतो, कारण त्यात करणाऱ्याचे कष्ट जास्त पडतात.

३. प्रत्यक्ष नोंद

स्थळ: तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटची बैठकीची खोली. वेळ: रविवारची सकाळ. पात्रे: पेपर वाचणारे आजोबा, साडेतीन वर्षांची नात आणि एक कान उसवलेला ससा.

“आजोबा, चहा.”

“ठेव तिथे, बाळ.”

“तिथे नाही. हातात घ्या.”

आजोबांनी पेपर बाजूला ठेवला आणि अंगठ्याच्या पेराएवढा कप चिमटीत धरला.

“आधी फुंकर मारा. गरम आहे.”

फुंकर मारली गेली.

“साखर किती घालू?”

“मला साखर बंद आहे गं. डॉक्टर रागावतील.”

नात क्षणभर थांबली. “ही खोटी खोटी साखर आहे, आजोबा. खोटी खोटी चालते.”

दोन चमचे मंजूर झाले. मग पाहुण्यांची मोजदाद सुरू झाली: आजोबा, ससा, आत कुकर लावणारी आजी आणि स्वतः यजमानीण. प्रत्येकाकडे बोट करून झाले, एकेका कपाला हात लावून झाला. माणसे चार, कप तीन. थोडा वेळ पेच. मग निकाल: “ससा माझ्यातला पिईल. त्याला थोडाच लागतो.”

४. भाष्य

वरील नोंदीत वरवर पाहता काहीच घडलेले नाही. बारकाईने पाहता पुढील गोष्टी घडल्या आहेत. गरम वस्तू फुंकरीने निवते, हा कार्यकारणभाव मांडला गेला. माणसागणिक एक कप अशी एकास एक जोडी लावली गेली. कोणत्याही मोजणीचा पाया हाच. ‘एक, दोन, तीन’ ही घोकंपट्टी त्यानंतरची. तुटवडा ओळखला गेला, वाटपाचा तोडगा निघाला आणि त्याला कारणही दिले गेले. अर्थसंकल्पात इतके सगळे एकत्र क्वचितच सापडते.

पण सगळ्यांत मोलाचे वाक्य साखरेचे. मुलीला साखर नाही हे पक्के ठाऊक आहे आणि साखर आहे हेही पक्के ठाऊक आहे. या दोन ज्ञानांची तिच्या डोक्यात मारामारी होत नाही. दोन्ही शेजारी शेजारी बसून चहा पितात.

अॅलन लेस्ली या मानसशास्त्रज्ञाने नेमक्या याच चहाचा प्रयोग केला होता. दोन रिकामे कप घ्यायचे. दोन्हींत खोटा चहा ओतायचा. मग एक कप पालथा करून झटकायचा आणि मुलाला विचारायचे, रिकामा कप कोणता? दोन-अडीच वर्षांची मुलेही पालथ्या केलेल्या कपाकडे बोट दाखवतात. वास्तविक दोन्ही कप कोरडे ठणठणीत. तरीही एक ‘भरलेला’ आणि एक ‘रिकामा’, हा हिशेब मूल चोख ठेवते. १९८७ साली लेस्लीने मांडले की असा लटका खेळ आणि दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे हे ओळखण्याची शक्ती एकाच मुळातून फुटतात. आमच्या मते हा प्रयोग महाराष्ट्रात सोफ्यामागे पूर्वीपासून चालू होता. लेस्लीने फक्त नोंदवही ठेवली.

५. पूर्वाचार्य

या शास्त्राची परंपरा मोठी आहे आणि सर्व थोर परंपरांप्रमाणे तिच्यातही आचार्यांचे एकमेकांशी पटत नाही.

आद्य आचार्य जर्मनीचे फ्रोबेल. त्यांनी १८३७ साली ब्लांकेनबुर्गमध्ये लहान मुलांसाठी संस्था काढली आणि तीन वर्षांनी तिला बालोद्यान या अर्थाचे नाव दिले. ‘किंडरगार्टन’चे ‘के.जी.’ आणि पुढे ‘केजीची फी’ अशी तिची उत्क्रांती झाली. त्यांच्या साधनांतले पहिले साधन म्हणजे लोकरीचे सहा रंगीत चेंडू. एवढ्या भांडवलावर त्यांनी प्रशियाच्या सरकारची झोप उडवली. १८५१ साली प्रशियाने बालोद्यानांवर बंदी घातली. ही समाजवाद आणि नास्तिकता पसरवण्याची केंद्रे आहेत, असा सरकारला संशय होता. त्यात राजकीय मते बाळगणाऱ्या पुतण्याचे लेखन काकाच्या नावावर धरले गेल्याचाही भाग होता. फ्रोबेल पुढल्याच वर्षी वारले. बंदी उठायला १८६० उजाडले. लोकरीच्या चेंडूला एवढे गंभीरपणे घेणारे सरकार त्यानंतर झाले नाही.

दुसऱ्या आचार्या मारिया माँटेसरी. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. खोट्या चहाच्या बाबतीत या आमच्या विरोधी पक्षात बसतात. त्यांच्या बालगृहात खेळण्यातली भांडी होती, बाहुलीचे स्वयंपाकघरही होते. मुलांनी ते क्षणभर पाहिले आणि आपल्या कामाला लागली. त्यावरून माँटेसरीबाईंनी ताडले की मुलांना खोटे नको, खरे काम हवे. खरे भांडे, खरे पाणी, पडले तर फुटेल असा खरा पेला. या मताचा मान राखून आम्ही एवढेच म्हणतो की खऱ्या पेल्यातून पाणी ओतायला शिकलेले मूल दुपारी त्याच हाताने खोटा चहा ओतते आणि एक थेंबही सांडत नाही. माँटेसरी आणि भातुकली यांचे भांडण मोठ्यांच्या पुस्तकात आहे. मुलांच्या घरात दोघी एकाच पाटावर बसतात.

तडजोडीचे श्रेय भावनगरच्या गिजुभाई बधेका यांच्याकडे जाते. वकिली सोडून त्यांनी १९२० साली दक्षिणामूर्ती बालमंदिर काढले. माँटेसरीबाईंच्या साधनांवर त्यांचा विश्वास, पण गोष्टी सांगितल्याशिवाय करमायचे नाही. लोक त्यांना ‘मूछाळी मा’ म्हणत. मिशा असलेल्या या आईच्या हाताखाली १९२३ पासून तारा मोडक तयार झाल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. १९४५ मध्ये ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. तिथे निराळाच प्रश्न होता. गरीब वस्तीतली मुले बालवाडीत येईनात. तेव्हा बालवाडीच उठून त्यांच्या अंगणात गेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. शंख-शिंपले, बिया, खडे, पाने ही साधने झाली. परदेशी लाकडी ठोकळ्याचे काम चिंचोक्याने केले आणि चिंचोक्याला कसलाही न्यूनगंड जाणवला नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ देशभर झाली. त्यामागे बोर्डीतले हे अंगण होते.

६. पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष

आता पूर्वपक्ष. तो सोसायटीच्या गेटपाशी, नर्सरीच्या बसची वाट पाहत उभा असतो. त्याचे म्हणणे असे: “खेळू दे हो, खेळायला ना नाही. पण शाळा सुरू होऊन चार महिने झाले, अजून ए टू झेड लिहीत नाही. शेजारच्यांचा लिहितो. एवढी फी भरून तिथे मातीच कालवायची, तर घरी काय कुंड्या नाहीत?”

पूर्वपक्ष प्रबळ आहे, कारण तो मनापासूनचा आहे. त्याचे खंडन तीन पायऱ्यांनी करावे लागते.

पहिली पायरी बोटांची. पेन्सिल धरायला अंगठा आणि शेजारची दोन बोटे यांची चिमूट लागते. तीन वर्षांच्या हातात ती पुरती आलेली नसते. ती पेन्सिलीने येत नाही. ती कणकेचा गोळा मळून, मटार सोलून, मणी ओवून आणि पेराएवढा कप न सांडता आजोबांपर्यंत पोहोचवून येते. म्हणून पोळ्या करताना पायाशी घुटमळणाऱ्या मुलाला लिंबाएवढी कणीक देणे हा लेखनाचा पहिला धडा होय. या कणकेची पोळी काळपट होते, तिचा आकार कोणत्याही नकाशात सापडत नाही आणि ती भाजून बाबांना खावी लागते. बाबांच्या शैक्षणिक कर्तव्यात ती मोडते.

दुसरी पायरी नियमांची. खेळ म्हणजे मोकाट सुटणे, असा पूर्वपक्षाचा समज आहे. रशियाचे वायगॉट्स्की यांनी १९३३ च्या व्याख्यानात नेमके उलटे सांगितले. लटक्या खेळात मूल नियमाने बांधलेले असते. यजमानीण झालेल्या मुलीला सगळ्यांना दिल्यावरच स्वतःचा कप उचलता येतो. एरवी बिस्किटाचा पुडा दिसताच झडप घालणारे हेच मूल. आईने शंभरदा सांगून न आलेला संयम भातुकलीत फुकट येतो.

तिसरी पायरी चिन्हाची, आणि ग्रंथाचा सिद्धान्त तोच आहे. काठीचा घोडा होतो, तेव्हा काठीपासून ‘घोडा’ हा अर्थ सुटून हिंडू लागतो, असे वायगॉट्स्की म्हणतात. मात्र पोस्टकार्डाचा घोडा होत नाही, कारण त्यावर मांड टाकता येत नाही. आता ‘क’ या अक्षराकडे पाहा. त्यात कमळ नाही, कणीस नाही, आवाजही नाही. आहेत त्या नुसत्या रेघा. त्या रेघांत आवाज ऐकायचा, म्हणजे समोर नसलेली वस्तू समोर असलेल्या खुणेत पाहायची. पाच या आकड्यात पाच लाडू नसतात, तरी ते मोजायचे असतात. रिकाम्या कपात ज्याला चहा दिसतो, त्याला पुढे रेघेत आवाज सापडतो. ज्याला कपात काही दिसण्याआधीच ‘क’ गिरवायला बसवले, तो ‘क’ गिरवतो खरा. फक्त त्या कपात चहा नसतो.

येथे पूर्वपक्षाची बस येते आणि वाद तात्पुरता थांबतो.

७. पायी-भेद

चहा पिणारा तो पायी. दीर्घ निरीक्षणाअंती त्याचे सहा प्रकार ठरले आहेत.

एकघोटी पायी कप तोंडाला लावून अर्ध्या क्षणात परत करतो आणि पुन्हा मोबाइलात जातो. त्याला दुसरा कप लगेच मिळतो. तिसराही. पाहुण्याचे पोट भरले नाही, एवढाच अर्थ यजमान काढू शकतो.

अतिरंजक पायी ‘वाऽऽऽ! काय चहा केलाय आमच्या पिल्लूने!’ असे सबंध मजला ऐकेल इतक्या जोराने म्हणतो. मूल संशयाने पाहते. आईच्या खऱ्या चहाला एवढी दाद कधी मिळालेली त्याने ऐकलेली नसते.

परीक्षक पायी पाहुणे आले की प्रकट होतो. “कप कुठल्या कलरचा आहे, सांग बरं काकूंना? आणि किती कप आहेत? टेन पर्यंत म्हणून दाखव.” या क्षणी चहा निवतो, त्याचे तोंडी परीक्षेत रूपांतर होते आणि यजमान काकूंच्या पदराआड जातो.

सुधारक पायी म्हणतो, “आधी दूध नाही घालायचं, आधी पाणी.” त्याचे बरोबर असते. याहून त्याच्याविषयी चांगले काही सांगता येत नाही.

चित्रक पायी मोबाइल रोखून सांगतो, “परत एकदा ओत ना, नीट आलं नाही.” दुसऱ्यांदा ओतलेला चहा फॅमिली ग्रुपवर जातो. तो चहा कोणीही पीत नाही.

सहावा उत्तम पायी. तो खाली बसतो, फुंकर मारतो, एक घोट घेतो, थोडा थांबतो आणि विचारतो, “आलं घातलंयस का?” झाले, एवढेच. या एका प्रश्नाने आले आणायला बाजारात जावे लागते, पिशवी लागते, पैसे लागतात, भाजीवाल्याशी घासाघीस होते आणि परत आल्यावर दूध उतू गेलेले सापडते. पायीने फक्त एक शब्द पुरवला. खेळाची दोरी मुलाच्याच हातात राहिली. घरातला आधार आधार म्हणतात तो हाच. त्यासाठी वर्कशीट लागत नाही.

या ठिकाणी गोपनीयतेचा इशारा देणे भाग आहे. चहा करताना मूल जे बोलते ते घरातूनच उचललेले असते. ‘सिलिंडर संपला, आता मीच आणू का?’, ‘तुमच्या आईला सांगा’, ‘ह्या महिन्यात नको’, ही वाक्ये अंगणवाडीच्या ताईंना रोज, योग्य त्या हेलासह ऐकायला मिळतात. गावातल्या संसारांची त्यांना असलेली माहिती तलाठ्यालाही नसते.

८. दाराचे प्रकरण

खोटा चहा दिवसाचा, तशी चिऊकाऊची गोष्ट रात्रीची. शेणाचे घर, मेणाचे घर, मोठा पाऊस, वाहून गेलेले घर आणि चिऊच्या दारावर कावळ्याची थाप. आत चिऊ बाळाचे एकेक आटपते आहे आणि दार काही उघडत नाही. मोठ्यांना या गोष्टीत विलंबाखेरीज काही दिसत नाही. पण तो विलंब म्हणजेच गोष्ट. पुढे काय येणार हे मुलाला ठाऊक असते. ते तसेच आले की अंदाज खरा ठरतो आणि चेहरा उजळतो. बाळाची आंघोळ, खाणे, झोप हा क्रम पाठ होतो. आधी काय आणि नंतर काय, हे कळल्याशिवाय पुढे ना वाक्य जमते ना वजाबाकी.

झोपेला आलेले वडील एखादी पायरी गाळून कावळ्याला लवकर आत घेऊ पाहतात. या गुन्ह्याला आम्ही ‘कथाचौर्य’ अशी संज्ञा देतो. तो पचत नाही. अंधारातून आवाज येतो, “बाबा, आंघोळ राहिली.” आणि कावळा पुन्हा पावसात.

रोज तीच गोष्ट कशाला, नवी सांगू या, असे म्हणणाऱ्यांसाठी पुरावा देतो. ससेक्स विद्यापीठातल्या जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०११ साली तीन वर्षांच्या मुलांवर अभ्यास प्रसिद्ध केला. काही मुलांना आठवडाभरात तीच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचून दाखवली, काहींना निरनिराळ्या. नवे शब्द दोन्हीकडे सारख्याच वेळा आले. तरी ज्यांनी तीच गोष्ट ऐकली, त्यांच्या ते जास्त लक्षात राहिले. पहिल्या खेपेला मूल कावळ्याचे काय झाले ते ऐकते. शब्दांकडे पाहायला त्याला पुढच्या खेपा लागतात.

९. पंचकोश-विचार

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा ठरवला. २०२२ च्या आराखड्याने त्यासाठी पंचकोशांचा आधार घेतला आणि २०२३ मध्ये खेळणी, बाहुल्या, कोडी, गोष्टी भरलेला ‘जादुई पिटारा’ सरकारनेच काढला. ज्या वस्तूवर प्रशियाने बंदी घातली होती, ती भारतात अधिकृत झाली, ही प्रगती नोंदवून आम्ही पाचही कोश रिकाम्या कपाला लावून पाहिले. अन्नमय कोशाला काहीच मिळत नाही, त्याने पोळीची वाट पाहावी. प्राणमय कोश फुंकरीत आहे. मनोमय सशालाही चहा मिळावा या काळजीत. विज्ञानमय ‘खोटी खोटी चालते’ या निवाड्यात. आनंदमय कोशासाठी निराळा पुरावा जोडलेला नाही. आजोबांचा पेपर त्या दिवशी दुपारपर्यंत उघडला गेला नाही, एवढे पुरे.

१०. फलश्रुती आणि प्रायश्चित्त

जो हे शास्त्र जाणून दिवसाकाठी एक तरी रिकामा कप रीतसर पितो, त्याच्या घरचे मूल आपल्या वेळेला अक्षरे ओळखते, मोजते, भांडते आणि मिटवते. पहिला नंबर येईलच, अशी हमी शास्त्र देत नाही. जो ‘आत्ता नको, मिटिंगमध्ये आहे’ म्हणून कप परत पाठवतो, तो दहा वर्षांनी त्याच मुलाला जेवताना विचारतो, “काय चाललंय शाळेत?” आणि त्याला उत्तर मिळते, “काही नाही.”

या दोषाला प्रायश्चित्त एकच. पुढचे बोलावणे आले की फोन पालथा ठेवावा आणि विनातक्रार जमिनीवर बसावे. गुडघे दुखत असल्यास पाट घेण्याची मुभा आहे. ‘कप विसळून ठेवा’ असा हुकूम सुटल्यास पुरुषांनीही तो पाळावा. सासरे, जावई आणि पाहुणे यांना त्यातून सूट नाही.